पिवळ्या झग्याची बाई

बाबा मारायचे तेव्हा हाताला लागेल ते घेऊन मारायचे. चप्पल, उलथनं, पाण्याचा तांब्या, आणि एकदा तर तव्यावरची गरम भाकर. पण मागाची कोणतीही वस्तू त्यांनी आमच्यावर कधी उगारली नाही. आम्ही कोष्टी. दसऱ्याला घरात मागाची पूजा व्हायची, धोट्याला हळदकुंकू लागायचं, आणि त्याला चुकून पाय लागला तर आम्ही वाकून हात लावायचो आणि तो कपाळाला टेकवायचो. धोटा म्हणजे आडवं सूत पोटात घेऊन उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे धावणारी लाकडी होडी. वीतभर लांब, दोन्ही टोकांना लोखंड. दोरी ओढली की तो गोफणीतल्या दगडासारखा सुटतो. ‘‘लक्ष्मी आहे थे,’’ बाबा म्हणायचे, ‘‘लेकरायवर उगारत नाही.’’ माझ्या आठवणीत हा नियम एकदाच मोडला. तो दिवस लिहून ठेवावा असं फार वर्षं मनात होतं. हात धजत नव्हता.

माझी शाळा खाप्याला झाली, कन्हानच्या काठी. गणित चुकलं की मास्तर बोटांच्या पेरांवर छडी मारायचे, आणि घरी सांगितलं की बाबांकडून दुसऱ्यांदा बसायची. पण त्याच मास्तरांनी आमच्या दारात उभं राहून बाबांना सांगितलं की ही मुलगी मॅट्रिकच्या पुढे गेली पाहिजे. त्यांच्या छडीचे वळ गेले, ते वाक्य राहिलं. मी आज जी काही आहे ती त्या वाक्यामुळे, हे मी माझ्या मुलांना इतक्यांदा सांगितलं आहे की ते आता माझ्याआधी म्हणून दाखवतात. पुढे खाप्याला काम राहिलं नाही आणि आम्ही नागपूरला आलो. नंदनवनच्या पलीकडे कोष्ट्यांची एक गल्ली होती, तिथं दोन खोल्या. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा खणून बसवलेला माग, मागच्या खोलीत चूल. बाबा खड्ड्यात पाय सोडून बसायचे. त्यांच्या उजव्या हाताला, मागापासून दोन हातांवर, माय चरख्यावर धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत बसायची. घराला तांदळाच्या खळीचा आंबूस वास असायचा, तो भाकरीला लागायचा, माझ्या कॉलेजच्या पातळालाही लागायचा. दुपारी भाकर, भिवापुरी मिरचीचा ठेचा, असलंच तर अंबाडीची भाजी. बाबा जेवायला उठले की घर एकदम मुकं व्हायचं, आणि त्या शांततेत आम्हाला जेवण जात नसे, इतकी मागाच्या आवाजाची सवय होती.

मागाजवळ राहणाऱ्यांचे कान वेगळे असतात. खटक-खट, खटक-खट या आवाजात केसभर फरक पडला तरी चुलीपाशी बसलेली माय म्हणायची, ‘‘धागा तुटला वाटते.’’ आणि बाबांचे हात थांबलेले असायचे. यावरूनच आमच्या घरचा दुसरा नियम आला होता. माग चालू असताना त्याच्याजवळ कोणी ताल धरायचा नाही. टाळी नाही, मांडीवर थाप नाही, भांड्यावर बोटं नाहीत. विणणाऱ्याचा हात कानावर पडेल त्या तालामागे जातो, असं सगळी गल्ली मानायची. गल्लीत भजन सुरू झालं की आसपासचे सगळे माग बंद पडायचे. ती भक्ती कमी आणि भीती जास्त होती. मी पाच वर्षांची असताना मागाच्या खांबावर बोटं वाजवली म्हणून बाबांनी माझ्या त्याच बोटांवर तांब्या मारला होता. करंगळी अजून वाकडी आहे.

अशा घरात माझ्या थोरल्या भावानं, मधुकरदादानं, रेकॉर्डी आणल्या.

दादा मॅट्रिकला दोनदा बसला आणि दोनदा नापास झाला. नंतर सीताबर्डीवर एका रेकॉर्डींच्या दुकानात लागला. त्या दुकानाची एक गंमत होती. मुंबईहून सिनेमाच्या गाण्यांचा माल यायचा, तो हातोहात जायचा. पण त्याच्या जोडीला कंपनीचा माणूस दोन-चार अशा रेकॉर्डी गळ्यात मारायचा ज्या कोणी मागितलेल्याच नसायच्या. इंग्रजी गाणी, काळ्या लोकांची गाणी, कुठल्या तरी नव्या पोरांची गिटारवरची गाणी. त्या परत जात नसत. शेटजी त्या मागच्या खोलीत टाकायचे, आणि तिथं उंदीर वाढले की ‘‘हे उचल आणि बाहेर फेक’’ म्हणायचे. दादा त्या ऐकायचा. बाहेर फेकायचा त्या घरी आणायचा. दुकानानंच टाकून दिलेला एक पेटीसारखा प्लेअर त्यानं स्वतः दुरुस्त केला होता.

‘‘ह्या काहून चालल्या नाही, सांगू?’’ तो मला म्हणायचा. ‘‘वाईट होत्या म्हणून नाही. कोणं ऐकल्याच नाही. गिऱ्हाईक येते, नाव विचारते, नाव मालूम नाही म्हणते, अन् जाते. तू नाव मालूम नसलेल्या माणसाशी बोलत नाहीस का कुसे?’’

या रेकॉर्डींसाठी तो मारामाऱ्याही करायचा. एकदा एका ऑर्केस्ट्रातल्या वादकानं दुकानासमोर त्यातली एक रेकॉर्ड पोरांना चकतीसारखी फेकून दाखवली. दादानं त्याला तिथंच रस्त्यावर पाडला. वादकाचे दोन साथीदार धावून आले. घरी आला तेव्हा दादाचा वरचा ओठ फाटून नाकाला लागला होता आणि ती रेकॉर्ड त्याच्या शर्टाच्या आत, पोटाशी होती. बाबांनी काही न विचारता त्याला पुन्हा मारलं, कारण शर्ट नवा होता.

घरात अकरा रेकॉर्डी जमल्या. आम्हाला नावं वाचता यायची, पण तोंडात बसायची नाहीत, म्हणून मायनं त्यांना आपली नावं दिली. हिरव्या कोटातले चार भाऊ. चष्मेवाला म्हातारा. विदर्भातल्याच एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या मुलीनं मुंबईला जाऊन दोन मराठी गाणी गिटारवर गायली होती, तिची छोटी रेकॉर्ड. माय तिला ‘आपली पोट्टी’ म्हणायची. ती पुढे कुठं गेली, कोणालाच माहीत नाही. आणि या सगळ्यांत वरची, पिवळ्या झग्याची बाई. पुठ्ठ्यावर एक काळी, भरल्या अंगाची बाई पिवळा झगा घालून उभी होती आणि छायाचित्रकाराकडे न बघता बाजूला कुठं तरी रागानं बघत होती. तिचा आवाज खरखरीत होता. मागे ढोल वाजायचा, पण जिथं पडायला हवा तिथं पडायचाच नाही. अंधारात पायरी आहे समजून पाऊल टाकावं, पायरी नसावी, काळजात धस्स व्हावं, आणि तेवढ्यात ती पायाखाली यावी, तसं व्हायचं. शब्द एकही कळायचा नाही.

‘‘हिले कोणं मारलं का गा?’’ मायनं पहिल्यांदा ऐकून विचारलं होतं.

‘‘मारलं असन,’’ दादा म्हणाला. ‘‘म्हणून तं गाऊन राहिली.’’

‘‘माह्यं तं तोंड बी उघडत नाही मार खाल्ल्यावर,’’ माय म्हणाली आणि कांडी भरू लागली. जरा वेळानं म्हणाली, ‘‘लाव अजून एक डाव.’’

बाबा बाजारात सूत आणायला गेले की आम्ही ती लावायचो. एकदा ते लवकर परतले आणि मागावर बसले. दादाला उठून सुई उचलायला तेवढा उशीर झाला आणि बाबांच्या मागाचे आठ-दहा धागे एकदम तुटले. त्यांनी दादाला अंगणात ओढलं आणि तांब्यानं मारलं. आमच्या शेजारी सखारामजी राहायचे, गल्लीत त्यांचा शब्द चालायचा. ते ओट्यावर येऊन बघत होते.

‘‘पोरीले कालेजात धाडता लक्ष्मणभाऊ, आता इंग्रजी बाजा बी आणला,’’ ते म्हणाले. ‘‘उद्या पोट्टी नाचन मागापाशी.’’

बाबांना ते झोंबलं. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, ‘‘माग चालू असतानी हा डब्बा कोणं लावला, तं पाहा. ह्या मध्यानं लावला तं त्यानं घर सोडाचं. पोरीनं लावला तं तिचं कालेज त्याच दिवशी बंद. सखारामजी, तुम्ही ऐकून राहिले.’’

‘‘ऐकलं,’’ सखारामजी म्हणाले.

त्यानंतर महिनाभर प्लेअर बंद होता. मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या गल्लीतून कॉलेजात जाणारी मी पहिली, मुलगा की मुलगी हा प्रश्नच नव्हता. कॉलेजात मला बसायला बाक होता, माझ्या नावाची हजेरी होती, एक बाई मला इतिहासाची पुस्तकं स्वतःच्या कार्डावर काढून द्यायच्या. तिथं कोणी मला मारत नव्हतं. हे मी साधं वाक्य म्हणून लिहीत आहे, पण तेव्हा मला त्याची सवय व्हायला सहा महिने लागले होते. कोणी हात उचलून केस सारखे केले तरी मी डोकं वाचवायचे.

तो दिवस उन्हाळ्याचा होता, कॉलेजला सुट्टी होती. मागावरच्या उभ्या धाग्यांचा ताणा तुटला होता आणि ते खड्ड्यात वाकून एकेक धागा जोडत होते. अशा कामाला दोन-दोन तास जायचे. माग मुका होता. माय कांड्या भरत होती. ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, ‘‘लाव वं थे पिवळी. माग बंदच आहे.’’

मी बाबांकडे बघितलं. त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी आवाज बारीक केला आणि ती रेकॉर्ड लावली.

पहिलं गाणं संपलं. दुसरं सुरू झालं, ते उशिरा पडणाऱ्या ढोलाचं. आणि त्याच्या मध्यावर कुठं तरी मला जाणवलं की घरात आणखी एक आवाज आहे. बाबांनी धागे जोडून माग सुरू केला होता. मी सुईकडे हात नेला. माय म्हणाली, ‘‘सरूनच राहिलं गाणं.’’ मी थांबले. किती थांबले असेन? दहा वेळा धोटा इकडून तिकडे जाईल एवढं. मग एक खट आला तो आमच्या मागाचा नव्हताच. धोटा मागाच्या फणीच्या कडेवर आदळला, सुटला, आणि माय चरख्यासकट आडवी झाली.

तिनं आवाज केला नाही. ती उठून बसली, तिचा उजवा हात उजव्या डोळ्यावर होता आणि बोटांच्या फटींतून रक्त कोपरापर्यंत आलं होतं. भरलेल्या पांढऱ्या कांड्यांवर ते पडत होतं. धोटा तिच्या पायाशी फिरत होता. रेकॉर्ड चालूच होती. बाबा खड्ड्यातून बाहेर आले ते थेट प्लेअरकडे. त्यांनी त्याला लाथ घातली. पेटी भिंतीवर फुटली, रेकॉर्ड उडून घरंगळत मायच्या मागे गेली. आरडाओरड्यानं सखारामजी दारात आले. आणि त्यांच्या मागोमाग दादा, दुकानातून जेवायला घरी आलेला, सायकलची किल्ली बोटात.

‘‘कोणं लावला?’’ बाबांनी विचारलं. ते मला विचारत होते. मी फुटलेल्या प्लेअरपासून एका हातावर उभी होते.

दादानं मायकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला आजही सांगता येणार नाही की मी तोंड उघडणार होते की नव्हते. मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे की उघडणार होते.

‘‘मी लावला,’’ दादा म्हणाला. ‘‘सकाळी जातानी लावून गेलतो.’’

आठ वाजता गेलेला माणूस. रेकॉर्डची एक बाजू वीस मिनिटांत संपते. हे मला माहीत होतं, मायला माहीत होतं. पण सखारामजींनी त्या डब्ब्याला कधी हात लावला नव्हता. ते मान हलवत म्हणाले, ‘‘पाहा भाऊ. तुम्ही सांगून बी.’’

बाबांनी खाली वाकून धोटा उचलला. तो रक्तानं ओला होता. त्यांनी तो दादाच्या डाव्या कानावर मारला. दादा भिंतीला टेकला, त्यानं हात वर केले नाहीत. दुसरा फटका तिथंच बसला. तिसरा तिथंच. ओल्या लाकडासारखा आवाज होता. दादा खाली बसला तेव्हा बाबांनी धोटा टाकला आणि रेकॉर्डींचा गठ्ठा ओढला. त्या सहज फुटत नाहीत, वाकतात. म्हणून त्यांनी एकेक खड्ड्याच्या कडेवर धरून गुडघ्यानं दाबून मोडली. हिरव्या कोटातले भाऊ, म्हातारा, आपली पोट्टी. प्रत्येकीचा बंदुकीच्या बारासारखा आवाज. ते रडत होते. मी त्यांना त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं, आणि मला वाटलं ते रागानं रडत आहेत.

माय उठेना. सखारामजींनी रिक्षा आणली, दादा अर्ध्या शुद्धीत तिला हात देत होता, तरी ती बसल्या जागेवरून हलेना. सगळ्यांना वाटलं, तिला चक्कर येते आहे. ती माझ्या कानाशी म्हणाली, ‘‘कांड्यायचं टोपलं इकडे आण. मी उठली का इथं ठेव. ह्याच जागेवर.’’ मला वाटलं ती भ्रमात आहे, पण मी टोपलं आणलं, आणि ती उठल्याबरोबर तिथं ठेवलं.

धंतोलीतल्या दवाखान्यात डॉक्टर भला माणूस होता, त्यानं पुष्कळ वेळ प्रयत्न केला, पण डोळा गेला तो गेलाच. रिक्षात मायचं डोकं दादाच्या मांडीवर होतं आणि दादाच्या कानातून रक्त तिच्या केसांवर पडत होतं. त्यानं स्वतःला दाखवलं नाही. दवाखान्यातून तो घरी परत आला नाही. बाबांचा शब्द गल्लीनं ऐकलेला होता. मी संध्याकाळी घर पुसायला टोपलं उचललं, तेव्हा खाली पिवळ्या झग्याच्या बाईची रेकॉर्ड अख्खी होती, आणि तिच्यावर मायच्या लुगड्याच्या सुताचा ठसा होता.

माझं कॉलेज चालू राहिलं. मी अभ्यास केला, इतका की कॉलेजातल्या बाई म्हणायच्या जरा हसत जा. घरात मार थांबला. बाबांनी त्या दिवसानंतर कोणावर हात उचलला नाही; तो धोटा त्यांनी कन्हानला नेऊन सोडला. दोन वर्षांत त्यांनी माग काढून टाकला आणि एका शाळेत चौकीदार झाले. माझा बी.ए.चा निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन त्या शाळेच्या फाटकाशी गेले. ते स्टुलावर बसले होते. मी पाया पडले आणि उठायच्या आत सांगून टाकलं. ‘‘बाबा, त्या दिवशी मी लावली होती.’’

ते पेढ्याचा कागद सोडवत राहिले.

‘‘मालूम आहे,’’ ते म्हणाले. ‘‘सकाळी लावलेली रेकॉर्ड दुपारलोक वाजत नाही, एवढं मलेही कळते.’’

‘‘मग त्याला काहून मारलं?’’

‘‘तो सखारामजी उभा होता. मी बोलून बसलो होतो. मध्याचं म्हणणं खरं धरलं नसतं तं तुह्यं कालेज बंद कराले लागलं असतं.’’ मग फाटकाकडे बघत म्हणाले, ‘‘अन् पोरी, ऐकाले आलं तं मले पहिल्या गाण्यापासूनच येत होतं. मीच बोललो नाही. त्या बाईच्या ढोलावर मागाचा हात टाकून पाहावा असं वाटलं. दहा हात जमले बी. अकराव्याले धोटा गेला.’’

त्यांनी अर्धा पेढा तोडून माझ्या हातावर ठेवला. घरातल्या चौघांपैकी त्या दिवशी तिघांनी ते गाणं ऐकलं होतं. मार चौथ्यानं खाल्ला.

बाबा गेले, माय गेली. दादा नंदनवनला असतो. पंखे-मिक्सर दुरुस्तीचं त्याचं दुकान आता मुलगा बघतो. डाव्या कानानं त्याला काही ऐकू येत नाही, तेव्हापासूनच. त्या दिवसाबद्दल तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही आणि मीही बोलले नाही. आभार मानायचे तर कबूल करावं लागलं असतं. मागच्या महिन्यात माझ्या नातवानं नवा प्लेअर आणला, आता पुन्हा त्याची हौस आली आहे म्हणे. मी ट्रंकेतून मायच्या लुगड्यात गुंडाळलेली रेकॉर्ड काढली आणि दोन्ही घेऊन दादाकडे गेले. तो खुर्ची फिरवून उजवा कान पुढे करून बसला. ती बाई गायली. ढोल उशिरा पडला, आणि माझा पाय नसलेल्या पायरीवरून घसरून पुढच्या पायरीवर आला, जसा तेव्हा यायचा.

‘‘हे चालाले पाहिजे होती गा,’’ दादा स्वतःशीच म्हणाला. ‘‘कोणं ऐकलंच नाही हिले.’’

मी म्हटलं, ‘‘दादा, त्या दिवशी...’’

त्यानं हात वर केला. माझं डोकं आपोआप खाली गेलं, इतक्या वर्षांनीही. पण तो हात फक्त गाणं संपू दे म्हणून होता. सुई शेवटच्या रिंगणात घासायला लागली तेव्हा त्यानं विचारलं, ‘‘त्या दिवशी कोणतं चालू होतं वं? पहिलं का दुसरं?’’

‘‘दुसरं. हेच.’’

मग त्यानं समाधानानं मान हलवली.

‘‘बराबर आहे,’’ तो म्हणाला. ‘‘एकच लावाचं असन, तं हेच लावाचं.’’